अंतर दुप्पट, प्रकाश पाव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नसमारंभाचे फोटो घरच्या घरी चांगले कसे काढावेत, यावरचा लेख आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. कॅमेरा कसा धरावा, बॅटऱ्या किती बाळगाव्यात ही माहिती कामाची आहे. पण चौकटीत ठळक अक्षरांत छापले आहे की, दिवा दुप्पट अंतरावर नेला तर प्रकाश निम्मा होतो, म्हणून ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे भोक) एक स्टॉप (प्रकाश दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी) उघडावे. हे चूक आहे. प्रकाश निम्मा नव्हे, पाव होतो आणि ॲपर्चर दोन स्टॉप उघडावे लागते. एका स्टॉपचे काय एवढे, असे वाटेल. पण एक स्टॉप कमी पडला की नवरीच्या गडद हिरव्या शालूच्या घड्या काळ्या पडतात. एक स्टॉप जास्त झाला की मुंडावळ्यांचे मोती आणि नवऱ्याच्या पांढऱ्या धोतराच्या चुण्या पांढऱ्यात विरून जातात. काळे पडलेले थोडेफार उजळता येते. पांढरे फटक झालेले कुठल्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते.

पाव का, हे घरी दहा मिनिटांत पाहता येते. पुठ्ठ्याला १० सेंटीमीटर बाजूचे चौकोनी भोक पाडा. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च स्थिर ठेवा आणि त्याच्यासमोर अर्ध्या मीटरवर पुठ्ठा उभा करा. टॉर्चपासून भिंत एक मीटरवर असेल तर तिच्यावर २० सेंटीमीटर बाजूचा उजळ चौकोन पडेल. दीड मीटरवर असेल तर ३० सेंटीमीटरचा. भोकातून येणारा उजेड तेवढाच आहे, पण पहिल्या वेळी तो चौपट जागेवर पसरला आणि दुसऱ्या वेळी नऊपट. शाळेत ‘अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात’ असे जे घोकून घेतात, ते हेच. केप्लरने प्रकाशाबद्दल हे १६०४ मध्ये लिहून ठेवले, कॅमेरा येण्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी.

आता छायाचित्रकाराच्या सोयीची गोष्ट. ॲपर्चरचे लेन्सवरचे आकडे (एफ क्रमांक) पाहा: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक आकडा आधीच्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाने वाढत जातो आणि दर पायरीला प्रकाश निम्मा होतो. तेच आकडे दिव्याच्या अंतराला फूट म्हणून लावा. दिवा ४ फुटांवरून ५.६ फुटांवर नेला की एक स्टॉप गेला, ८ फुटांवर नेला की दोन, ११ फुटांवर साधारण तीन. गणित करायची गरज नाही, लेन्सवरची ओळ पाठ असली की झाले. त्याहून सोपे म्हणजे एक सुतळी घ्यावी, तिचे टोक लाइटच्या स्टँडला बांधावे आणि २.८, ४, ५.६, ८, ११ आणि १६ फुटांवर गाठी माराव्यात. एका गाठीला दिव्याच्या ताकदीची चाचणी घेऊन एक्स्पोजर (फोटोला मिळणारा एकूण प्रकाश) बसवले की पुढच्या प्रत्येक गाठीला ॲपर्चर एक पायरी उघडायचे, मागच्या गाठीला एक पायरी मिटायचे. अंतर मात्र दिव्याच्या तोंडापासून चेहऱ्यापर्यंत मोजावे, स्टँडच्या पायापासून नाही. स्टँड ९ फूट उंच असेल आणि माणूस खुर्चीत बसलेला असेल, तर जमिनीवर मोजलेले ५ फूट तिरक्या रेषेत ७ फूट भरतात आणि तिथेच जवळजवळ एक स्टॉप हरवतो.

इथपर्यंत चौकटीतला आकडा दुरुस्त झाला. पण लेखाची खरी अडचण आकड्यात नाही. दिव्याचे अंतर म्हणजे उजेड कमी-जास्त करायचे बटण, अशी समजूत त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे. ते बटण दिव्याच्या पाठीवर आहेच. अंतराने ठरतो तो उजेडाचा उतार, म्हणजे फ्रेमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रकाश किती झपाट्याने घसरतो ते.

कार्यालयातला नेहमीचा ग्रुप फोटो घ्या. दादर-गिरगावातल्या जुन्या हॉलांची स्टेजे लहान. सोफ्यावर वधूवर, दोन्ही बाजूंना काका-मामा, एकाच रांगेत नऊ-दहा माणसे. स्टँडला जागा मिळते ती स्टेजच्या डाव्या पायरीपाशी. दिव्यापासून डावीकडचे काका ४ फुटांवर आणि उजव्या टोकाच्या आजी १२ फुटांवर. अंतर तिप्पट, प्रकाश नववा हिस्सा, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक. आता काय कराल? ॲपर्चर काकांना धरून बसवले तर आजी अंधारात, आजींना धरून बसवले तर काकांचे कपाळ जळते. ऑटो फ्लॅशही इथे काही करू शकत नाही, कारण तो पूर्ण फ्रेमसाठी एकच ताकद ठरवतो. दिव्याचा जोर वाढवा की घटवा, काका आजींच्या नऊपट उजळच राहणार.

तोच स्टँड स्टेजवरून खाली उतरवून मागे न्या, म्हणजे काकांपासून १२ आणि आजींपासून २० फूट. आता फरक २.८ पट, म्हणजे दीड स्टॉप. मग दिव्याचे तोंड रांगेच्या मध्यावर न ठेवता आजींच्याही थोडे पलीकडे वळवा, म्हणजे काकांवर झोताची फक्त कड पडेल. उरलेला फरक बहुतेक मिटतो. याची किंमत असते ती ताकदीत. काकांवर तेवढाच उजेड पाडायला आता नऊपट ताकद लागते: आधी फ्लॅश पूर्ण ताकदीच्या १/१६ वर चालत असेल तर आता तो अर्ध्याच्याही थोडा वर ठेवावा लागेल. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या फ्लॅशला अर्ध्या ताकदीवर पुन्हा भरायला दोन-तीन सेकंद लागतात आणि सेल उतरत आले की त्याहूनही जास्त. घाई करून बटण दाबले तर तो अर्धवट भरलेलाच उडतो. ‘मधलाच एक फोटो काळा कसा आला’ या कोड्याचे उत्तर दहातल्या आठ वेळा हेच असते. अशा वेळी एक स्टॉप आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवावा आणि फ्लॅशला दम खाऊ द्यावा.

दोन रांगा मागेपुढे असतील तर हिशोब तोच, फक्त खोलीत. दिवा पहिल्या रांगेपासून १ मीटरवर आणि मागची रांग २ मीटरवर असेल तर फरक दोन स्टॉपचा. दिवा ४ मीटरवर नेला की मागची रांग ५ मीटरवर जाते आणि फरक उरतो जेमतेम पाऊण स्टॉप, तोही पुरता नाही. दिवा उंच करून मागच्या रांगेच्या डोक्यांवर रोखला की तोही निघून जातो.

उलट, उतार हवाच असेल तेव्हा दिवा जवळ आणायचा. नवरीचा एकटीचा फोटो काढायचा आहे आणि मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांचे ढीग, केटररचे पिंप, ‘अमुक परिवार आपले स्वागत करीत आहे’चा फलक आहे. दिवा चेहऱ्यापासून १ मीटरवर आणा. मागची भिंत दिव्यापासून ४ मीटरवर असेल तर तिच्यावर सोळावा हिस्सा उजेड, म्हणजे चार स्टॉप कमी; पसारा काळोखात जातो. दिवा ४ मीटरवर ठेवून तोच फोटो काढला तर भिंत ७ मीटरवर येते, फरक दीड स्टॉपहून किंचित जास्त राहतो आणि फलक वाचता येतो. दोन्ही फोटोंत चेहऱ्याचे एक्स्पोजर अगदी एकसारखे ठेवता येते. जाळी लावून किंवा बटण फिरवून प्रकाश कमी केला तर चेहरा आणि भिंत दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात. म्हणून क्रम असा हवा: आधी दिव्याची जागा ठरवायची, मग ताकद. लेखात तो उलटा दिला आहे.

जवळ आणलेल्या दिव्याला एक खोड असते. १ मीटरवर असताना माणूस बोलता बोलता २० सेंटीमीटर पुढे झुकला तर उजेड दीडपटीहून जास्त होतो. ४ मीटरवर तेच झुकणे एक दशांशाएवढाच फरक करते. सारखी हालचाल करणारी मुले, नाचणारी वरात, हळद लावायला पुढे-मागे होणाऱ्या बायका, या सगळ्यांसाठी दिवा लांबच बरा.

आरतीच्या वेळी हा नियम उघड्या डोळ्यांनी दिसतो. तबकातले निरांजन चेहऱ्यापासून वीतभर आले की चेहरा तांबूस उजळतो, दोन विती दूर गेले की त्या ज्योतीचा उजेड पाव. तबक ओवाळताना दर फेरीला एक-दोन स्टॉप वर-खाली होतात. मोबाइल ऑटोवर असेल तर तो त्या बदलाच्या मागे धावत राहतो आणि व्हिडिओत मागची मखर धडधडल्यासारखी दिसते. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून ठेवून एक्स्पोजर लॉक करावे, तेही तबक चेहऱ्याजवळ असताना. म्हणजे जवळचा क्षण जळत नाही आणि दूरचा फक्त मंद होतो.

सार्वजनिक मंडळांच्या उंच मूर्तींची प्रकाशयोजना हे तर या नियमाचे प्रदर्शनच आहे. २० फुटी मूर्तीच्या पायाशी फोकस ठेवून तो वर रोखतात. पावले दिव्यापासून ५ फुटांवर आणि मुखवटा २० फुटांवर, म्हणजे सोळापट फरक, चार स्टॉप. दर्शनाला आलेल्याच्या डोळ्यांना तो कळत नाही, कारण डोळा वर जाता जाता जुळवून घेतो. फोटोत मात्र पितांबर पांढरा आणि डोळे काळे. हेच फोकस मंडपाच्या पुढच्या आडव्या बांबूला असे बांधले की पावले २४ आणि चेहरा १८ फुटांवर पडेल, तर फरक पाऊण स्टॉपच्या आसपास येतो आणि तोही चेहऱ्याच्या बाजूने. मंडपवाल्याला हे काम काही नवे नाही, फक्त वायर लांब लागते.

लेखातले आणखी एक वाक्य असे, की कॅमेरा मागे नेला तर फोटो काळवंडतो. तसे होत नाही. नियम लागू होतो तो दिवा ते माणूस या अंतराला. माणूस ते कॅमेरा या अंतराला नाही. दुप्पट मागे गेलो की चेहऱ्यावरून लेन्समध्ये येणारा प्रकाश पाव होतो हे खरे, पण सेन्सरवर चेहऱ्याची प्रतिमाही पाव क्षेत्रफळाची होते. पाव प्रकाश पाव जागेवर, म्हणजे दाटपणा तेवढाच. नाहीतर गेटवेवरून काढलेल्या फोटोत दूरच्या बोटी रात्रीसारख्या दिसल्या असत्या. गैरसमज कुठून आला तेही उघड आहे: फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला की कॅमेऱ्याबरोबर दिवाही मागे जातो, आणि दोष कॅमेऱ्याच्या अंतराला लागतो. अपवाद आहे तो अगदी जवळून काढलेल्या फोटोंचा. मंगळसूत्राची वाटी सेन्सरवर मूळ आकाराएवढीच घ्यायची झाली तर लेन्स पुढे सरकल्यामुळे दोन स्टॉप कमी पडतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर हे धरून चालतो. हातात धरायचा मीटर वापरणाऱ्याने स्वतः धरावे.

वानखेडेच्या वरच्या गॅलरीतून चमकणारे मोबाइलचे फ्लॅश याच हिशोबाने व्यर्थ असतात. मोबाइलचा एलईडी दोन-तीन मीटरपर्यंतच उपयोगाचा. ६० मीटरवरच्या खेळाडूपर्यंत त्याचा ३ मीटरवरच्या उजेडाचा चारशेवा भाग पोहोचतो. उजळतात फक्त पुढच्या ओळीतल्या टोप्या. गिरगाव चौपाटीवर विसर्जनालाही तेच. फ्लॅश बंद करावा.

आता फ्लॅशच्या खोक्यावरच्या गाइड नंबरविषयी. बोरा बाजारात फ्लॅश घेताना गिऱ्हाईक हा आकडा पाहूनच निवडतो, आणि लेखात तो ‘जितका मोठा तितका चांगला’ एवढ्यावर सोडला आहे. आयएसओ १०० ला अंतर गुणिले एफ क्रमांक म्हणजे गाइड नंबर. ३६ चा फ्लॅश असेल तर ४.५ मीटरवर एफ ८ आणि ९ मीटरवर एफ ४. अंतर दुप्पट झाले की एफ क्रमांक निम्मा, म्हणजे दोन स्टॉप; वर्ग दोन्हीकडे असल्याने साधा गुणाकार पुरतो. आयएसओ चौपट केला की गाइड नंबर दुप्पट होतो, ४०० ला ७२. मात्र खोक्यावरचा आकडा बहुतेक वेळा फ्लॅशचे डोके पूर्ण झूम करून, झोत अरुंद असतानाचा असतो. ग्रुप फोटोसाठी ३५ मिलिमीटरच्या लेन्सपुरता झोत पसरवला की तो बराच खाली येतो. शिवाय आकडा फुटांत आहे की मीटरमध्ये ते पाहावे. फुटांतला असेल तर ३.२८ ने भागावे.

त्यापेक्षा स्वतःच चाचणी घ्यावी. मोठी खोली किंवा रिकामा हॉल, आयएसओ १००, फ्लॅश पूर्ण ताकदीवर, झोत ३५ वर, माणूस फ्लॅशपासून बरोबर ३ मीटरवर. एफ ४ पासून एफ १६ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने फोटो काढायचे, दर दोन फोटोंमध्ये १५ सेकंद थांबून. जो फोटो बरोबर वाटेल त्याचा एफ क्रमांक गुणिले ३ हा तुमचा खरा गाइड नंबर. एफ ८ आला तर २४. फ्लॅशचा उजेड पसरवणारी छत्री लावणार असाल तर छत्रीसकट चाचणी घ्यावी, कारण ती एक ते दोन स्टॉप खाते आणि अंतर मग फ्लॅशपासून नाही, छत्रीच्या कापडापासून धरायचे.

छतावर फ्लॅश मारून उजेड पाडण्याची युक्ती लेखात आहे आणि ती चांगलीच आहे, पण तिथे अंतर वर जाऊन खाली येण्याचे असते. फ्लॅश आणि चेहरा दोन्ही दीड मीटर उंचीवर, मध्ये ३ मीटर आणि छत ४ मीटरवर असेल तर वाट सुमारे ५.८ मीटरची होते. नुसत्या अंतरानेच जवळजवळ दोन स्टॉप गेले. छत शोषते आणि विखुरते ते वेगळे. कार्यालयाचे छत सोनेरी पीओपीचे असेल तर सगळे चेहरे हळद उतरली नसल्यासारखे पिवळे येतात. तिथे युक्ती सोडून द्यावी.

शटरचा वेग वाढवला की फ्लॅशचा उजेड कमी होतो, असेही एके ठिकाणी सुचवले आहे. फ्लॅशची चमक सिंक वेगापर्यंत (शटर फ्लॅशशी जुळते तो सर्वाधिक वेग, बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० सेकंदाच्या आसपास) शटरच्या उघडझापेपेक्षा फार लहान असते. १/६० वरून १/१२५ केले तर हॉलची झुंबरे मंदावतात, फ्लॅश तेवढाच राहतो.

हा नियम कुठे वाकतो तेही सांगायला हवे, नाहीतर कोणी सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायची पांढऱ्या कापडाची पेटी) लावून सुतळीने मोजेल आणि आकडे जुळत नाहीत म्हणून सुतळीला दोष देईल. वर्गाचा नियम बिंदूएवढ्या दिव्याचा आहे. दिव्याच्या रुंदीच्या पाचपट अंतरापलीकडे कुठलाही दिवा बिंदू मानायला हरकत नाही, चूक एखाद्या टक्क्याची. त्याच्या आत मात्र घसरण हळू होते. ३ फुटी सॉफ्टबॉक्स २ फुटांवरून ४ फुटांवर नेला तर दोनऐवजी दीडच स्टॉप जातो. भिंतीवरच्या लांब ट्यूबलाइटच्या अगदी जवळ अंतर दुप्पट केले तर प्रकाश खरोखरच निम्म्याच्या आसपास येतो. तेवढ्यापुरती आपली चौकट बरोबर आहे. दहा बाय दहाच्या पांढऱ्या खोलीत भिंती उजेड परत फेकतात, त्यामुळे तिथेही उतार सौम्य होतो. भिंग किंवा खोल परावर्तक असलेल्या फोकसचा झोत अरुंद असतो; त्याचे अंतर दिव्याच्या काचेपासून मोजले तर हिशोब चुकतो, कारण किरण जणू काचेच्या बऱ्याच मागून निघाल्यासारखे येतात. अशा दिव्यांना सुतळीवर भरवसा न ठेवता मीटर किंवा चाचणीचे दोन फोटो.

दुसऱ्या टोकाला सूर्य. तो १५ कोटी किलोमीटरवर असल्याने कुलाब्यात काय आणि दहिसरला काय, अंतराने काहीही बदलत नाही. रांगेतल्या पहिल्या आणि शेवटच्या माणसावर ऊन सारखेच. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, जुलैत सर्वांत दूर असते. त्याने प्रकाशात सुमारे सात टक्के फरक पडतो, म्हणजे स्टॉपचा दहावा भाग. मुंबईचे जुलैतले ढग त्याच्या कितीतरी पट जास्त खातात. ग्रुप फोटो शक्य असेल तर कार्यालयाच्या अंगणात, इमारतीच्या सावलीत काढावा असे जुने फोटोग्राफर सांगतात, त्याचे कारण हेच: मोकळे आकाश हा एवढा मोठा दिवा आहे की त्याला उतारच नाही.

चौकट पुन्हा छापणार असाल तर तिच्यातले वाक्य असे करावे: दिवा ते चेहरा हे अंतर दीडपटीच्या किंचित आत (१.४ पट) वाढले की ॲपर्चर एक स्टॉप उघडा, दुप्पट झाले की दोन, तिप्पट झाले की तीनहून थोडे जास्त, मोठ्या सॉफ्टबॉक्सला त्याहून कमी. आणि शेजारच्या चित्रात अंतराचा बाण कॅमेऱ्यापासून निघालेला आहे, तो दिव्यापासून काढावा.

आपला,
छायाचित्रणाचे वर्ग घेणारा एक वाचक
परळ, मुंबई